डबा आपला, आज्ञावली कोणाची? : राउटरमधील मुक्त फर्मवेअरचा इतिहास

घराच्या कोपऱ्यात रात्रंदिवस लुकलुकणाऱ्या वाय-फाय राउटरकडे संगणक म्हणून सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः त्या डब्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि वीज गेली तरी पुसली न जाणारी एक फ्लॅश चिप असते. या चिपमध्ये साठवलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. कोणत्या वाहिनीवर आणि किती शक्तीने प्रक्षेपण करायचे, आलेल्या माहितीपैकी कोणती आधी पुढे धाडायची, बाहेरून येणाऱ्या आगंतुकाला दार उघडायचे की नाही, हे सारे फर्मवेअर ठरवते. राउटर विकत घेणारा त्या डब्याचा मालक होतो. आतल्या आज्ञावलीवर मात्र सत्ता कोणाची, हा प्रश्न गेली दोन दशके न्यायालयांत, नियामक संस्थांत आणि प्रयोगशाळांत वादाचा विषय ठरला आहे.

या इतिहासात दोन परवाने सतत भेटतात. एक आज्ञावलीचा परवाना, दुसरा रेडिओ लहरींचा. पहिल्यातील एका अटीमुळे राउटरचे अंतरंग जगासमोर उघडे झाले. दुसऱ्याच्या नियमांमुळे ते पुन्हा बंद होण्याची वेळ आली होती. या दोहोंच्या मध्ये जी थोडी मोकळी जागा उरली, तिच्यातून आजच्या इंटरनेटला उपयोगी पडलेले बरेच संशोधन उभे राहिले.

एका अटीचा परिणाम

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस या अमेरिकी कंपनीने ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा घरगुती राउटर बाजारात आणला. निळ्या-काळ्या रंगाचा, मागे दोन अँटेना असलेला हा डबा पुढे जगभर ओळखीचा झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट मेमरी आणि अवघी ४ मेगाबाइट फ्लॅश होती. मार्च २००३ मध्ये सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिसला सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले.

जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लास या प्रोग्रामरने लिनक्सच्या विकसकांना एक गोष्ट कळवली. या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्सचा गाभा वापरलेला आहे, पण त्याचा सोर्स कोड कंपनीने कोठेही दिलेला नाही. लिनक्स ‘जीपीएल’ या परवान्याखाली मिळते. ते कोणीही फुकट घ्यावे, बदलावे, विकावे. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा, असे हा परवाना सांगतो. येथे पैसा वर्ज्य नाही, लपवाछपवी वर्ज्य आहे.

चूक कोणाची, हे सांगणे सोपे नव्हते. फर्मवेअरचे काम तैवानमधील सायबरटॅन या कंपनीकडे झाले होते. तेथून ते चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडे, तिच्याकडून लिंक्सिसकडे आणि अखेर कंपनीच्या खरेदीबरोबर सिस्कोकडे आले. साखळीतील प्रत्येक कडीने मागच्या कडीवर विश्वास ठेवला होता. परवान्याची अट मात्र साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या विक्रेत्यालाही लागू होती. लिनक्सच्या विकसकांनी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला, आणि काही महिन्यांतच लिंक्सिसने सोर्स कोड प्रसिद्ध केला.

कोड हाती आला. आता तो डब्यात घालायचा कसा? त्याची वाट एका दोषातून सापडली. राउटरच्या व्यवस्थापन पानावर जोडणी तपासण्यासाठी ‘पिंग’ची चौकट होती. तीत पत्त्याऐवजी लिनक्सची आज्ञा लिहिली, तर राउटर ती निमूटपणे पाळत असे. या मार्गाने लोकांनी एक अंतर्गत सेटिंग बदलले. मग राउटर सुरू होताना काही सेकंद थांबून नव्या फर्मवेअरची वाट पाहू लागला. प्रयोगात काही बिघडले तरी या काही सेकंदांत तो पुन्हा जिवंत करता येई. प्रयोगाची भीती गेली, तशी प्रयोग करणाऱ्यांची संख्या वाढली.

पॅचपासून पायाभूत रचनेपर्यंत

सुरुवातीचे बहुतेक प्रकल्प लिंक्सिसच्याच फर्मवेअरमध्ये दुरुस्त्या करत होते. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’ने लवकरच वेगळी वाट धरली. मूळ फर्मवेअरला ठिगळे लावण्याऐवजी राउटरसाठी संपूर्ण, पण अत्यंत लहान लिनक्स प्रणाली नव्याने बांधायची आणि हवे ते घटक पॅकेजच्या रूपाने जोडायचे, अशी ही कल्पना होती. त्यासाठी फ्लॅश चिपचे दोन थर केले गेले. खालच्या थरात दाबून बसवलेली, केवळ वाचता येणारी मूळ प्रणाली. तिच्यावर वापरकर्त्याचे बदल साठवणारा लिहिता येण्याजोगा थर. काही बिनसले तर वरचा थर पुसायचा, की राउटर मूळपदावर येतो. ४ मेगाबाइटच्या संसारात केलेली ही काटकसर पुढील अनेक वर्षांच्या विकासाचा पाया ठरली. आवृत्त्यांना ‘व्हाइट रशियन’, ‘कामिकाझे’ अशी मद्यमिश्रणांची नावे देण्याची आणि लॉग-इन करताच त्याची पाककृती पडद्यावर दाखवण्याची मिश्किल प्रथाही याच काळातली.

याच सुमारास जर्मनीत सेबास्टियन गॉटशाल यांनी ‘डीडी-डब्ल्यूआरटी’ उभे केले. लिनक्सच्या आज्ञा न येणाऱ्यालाही वापरता येईल असे संकेतस्थळासारखे रूप त्याला दिले होते. ‘टोमॅटो’ने घरातील डेटा वापराचे आलेख दाखवून लोकप्रियता मिळवली. महागड्या व्यावसायिक उपकरणांत मिळणाऱ्या सुविधा, म्हणजे वाहतुकीचे नियंत्रण, स्वतंत्र अतिथी जाळे आणि खासगी बोगदे, आता घरगुती डब्यात येऊ लागल्या.

परवान्याच्या अटीला न्यायालयीन बळही मिळू लागले. २००४ मध्ये म्युनिकच्या जिल्हा न्यायालयाने लिनक्सचे विकसक हॅराल्ड वेल्टे यांच्या बाजूने, सायटेकॉम या राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. जीपीएलच्या अटी बंधनकारक आहेत हे न्यायालयाने मान्य केल्याचे हे पहिले महत्त्वाचे उदाहरण. अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवरच दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली आणि लिंक्सिसच्या उत्पादनांत परवान्याचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले.

बाजाराने मात्र दोन्ही दिशांना पावले टाकली. २००५ मध्ये याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून दुसरी प्रणाली घातली. फ्लॅश २ आणि मेमरी ८ मेगाबाइटवर आणली. दुसरीकडे, प्रयोगशील ग्राहकांची मागणी पाहून जुन्या रचनेचे लिनक्सवर चालणारे ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ हे प्रारूप स्वतंत्रपणे विकायला काढले. तंत्रज्ञान झपाट्याने जुने होणाऱ्या या व्यवसायात ते दहा वर्षांहून अधिक काळ विकले जात राहिले.

एक कुलूप तरीही शिल्लक होते. ब्रॉडकॉमच्या रेडिओ चिपचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बंदिस्त होता. राउटरचे बाकी अंग मोकळे, पण प्रत्यक्ष लहरी हाताळणारा भाग अपारदर्शक, अशी ही अवस्था होती. २००८ मध्ये अथेरॉस कंपनीने आपल्या चिपसाठी ‘एथ९के’ हा मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला आणि वाय-फायच्या संशोधकांना रेडिओच्या अगदी जवळ जाता आले.

धरमशालेपासून थेनीपर्यंत

भारतात या तंत्राचे दार लहरींच्या परवान्याने उघडले. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरासाठी खुला केला. इमारतीबाहेर वाय-फायची जोडणी करण्यासाठी प्रत्येक वेळी परवानगी मागण्याची गरज संपली.

पुढच्याच महिन्यात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे एका सामुदायिक जाळ्याची उभारणी सुरू झाली. पुढे ते ‘एअरजल्दी’ या नावाने ओळखले गेले. डोंगरांमुळे एका उंच मनोऱ्यावरून सर्वांना संदेश पोचवणे तेथे अशक्य होते. म्हणून बाजारातले स्वस्त राउटर घेऊन त्यांत लिनक्सवर आधारलेले बदललेले फर्मवेअर घातले गेले आणि प्रत्येक राउटर शेजारच्या राउटरचा निरोप पुढे नेऊ लागला. अशा रचनेला मेश म्हणतात. एका ठिकाणची वीज गेली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. ज्या गावात वीज जाणे हा नित्यक्रम होता, तेथे हा गुण निर्णायक ठरला. फेब्रुवारीअखेर आठ संस्था जोडल्या गेल्या. पुढे हे जाळे तीसहून अधिक केंद्रांचे झाले आणि त्याच्याशी दोन हजारांवर संगणक जोडले गेले. बाहेरच्या इंटरनेटची एकूण क्षमता मात्र केवळ ६ मेगाबिट प्रति सेकंद होती. उपद्रव होता तो अँटेनांना लोंबकळणाऱ्या माकडांचा!

सपाट प्रदेशातील अडचण निराळी होती आणि तिचे मूळ भौतिकशास्त्रात होते. वाय-फायमध्ये प्रत्येक संदेशानंतर पावती यावी लागते. ठरलेल्या वेळेत ती आली नाही, तर संदेश हरवला असे समजून तो पुन्हा पाठवला जातो. ही वेळ घर किंवा कार्यालयाच्या अंतरांचा विचार करून ठरवलेली असते, काही दहा मायक्रोसेकंदांची. रेडिओ लहरीला एक किलोमीटर जाण्यास सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ३० किलोमीटरवरील गावाकडे जाऊन परतण्यास २०० मायक्रोसेकंद हवेत. पावती वाटेतच असते आणि पाठवणारा निराश होऊन पुन्हा तोच निरोप धाडतो. यंत्र उत्तम, अँटेना उत्तम, तरी जोडणी निकामी! यावर उपाय एकच : पावतीची वाट पाहण्याची वेळ बदलणे. ती वेळ ज्या आज्ञावलीत लिहिलेली आहे, ती बदलता आली पाहिजे.

आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पाने २००२ पासून गंगेच्या मैदानात अशा लांब पल्ल्याच्या जोडण्यांचा अभ्यास केला. त्यातूनच भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी एका मनोऱ्यावरील सर्व जोडण्या एकाच वेळी बोलतील आणि एकाच वेळी ऐकतील अशी नवी पद्धत २००५ मध्ये मांडली. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या गटाने तमिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयासाठी असेच जाळे उभारले. त्यांनी बदललेल्या आज्ञावलीने माहितीवहनाचा वेग नेहमीच्या वाय-फायच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत गेला, आणि गावातील दृष्टिकेंद्रात बसलेला रुग्ण पडद्यावरून शहरातील नेत्रतज्ज्ञाशी बोलू लागला. या दोन्ही प्रकल्पांत दुकानातल्या राउटरऐवजी लहान लिनक्स संगणक आणि वाय-फाय कार्डे होती. तत्त्व मात्र तेच होते. निर्मात्याने घरातल्या खोलीसाठी ठरवलेला आकडा खेड्यासाठी बदलता आला, म्हणूनच ती जोडणी चालली. आज ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ‘अंतर’ नावाचे एक सेटिंग असते. त्यात मीटर भरले की पावतीची वेळ आपोआप बदलते.

रांगेचे गणित

मुक्त फर्मवेअरने विज्ञानाला दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र अंतराच्या नव्हे, रांगेच्या प्रश्नात आहे. २०१० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांच्या लक्षात आले की, घरातील एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की बाकीच्यांचे इंटरनेट गोठते. वेग पुरेसा असूनही असे का व्हावे? मेमरी स्वस्त झाल्याने निर्मात्यांनी राउटर आणि मोडेममध्ये संदेशांच्या प्रतीक्षेसाठी अवाढव्य जागा ठेवल्या होत्या. जागा आहे म्हणून संदेश साचत जात. रांग भरून वाहीपर्यंत पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ताच लागत नसे. या विकाराला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळाले.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ हा उपाय सुचवला. रांगेची लांबी मोजू नका, रांगेत गेलेला वेळ मोजा, हे त्याचे सूत्र. प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या वर जाऊन १०० मिलिसेकंद तशीच राहिली, तर एखादा संदेश मुद्दाम टाकून द्यावा. पाठवणारा त्यातून बोध घेऊन वेग कमी करतो. एरिक ड्यूमाझे यांनी त्याला प्रत्येक प्रवाहाच्या वेगळ्या रांगेची जोड दिली. तिकीट खिडकीवर शंभर तिकिटे काढणाऱ्याच्या मागे एका तिकिटाच्या माणसाने ताटकळू नये, तशी ही व्यवस्था.

कागदावरची कल्पना प्रत्यक्ष घरांत तपासायची कोठे? डेव्ह टाट यांनी ओपनडब्ल्यूआरटीवर आधारित ‘सेरोडब्ल्यूआरटी’ हे फर्मवेअर तयार करून दुकानात मिळणाऱ्या नेटगिअरच्या राउटरवर चालवले. जगभरच्या स्वयंसेवकांनी ते आपापल्या घरी बसवले, मोजमापे पाठवली, दोष कळवले. कोणत्याही कंपनीच्या परवानगीविना घरे हीच प्रयोगशाळा झाली. तेथे पारखलेले उपाय लिनक्सच्या गाभ्यात रुजले आणि जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटच्या औपचारिक दस्तऐवजांत नोंदले गेले. एप्रिल २०२५ मध्ये टाट यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचा लाभ आज असंख्य व्हिडिओ संभाषणांना नकळत मिळतो.

मोजमापाच्या क्षेत्रातही हेच घडले. जॉर्जिया टेकच्या ‘बिस्मार्क’ प्रकल्पाने ओपनडब्ल्यूआरटी बसवलेले राउटर १९ देशांतील १२६ घरांत ठेवून घरगुती जाळ्यांचा अभ्यास केला. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, कंपन्या कबूल केलेला वेग देतात का हे तपासण्यासाठी घराघरांत बसवलेल्या उपकरणांतही ओपनडब्ल्यूआरटीवरून तयार केलेली प्रणालीच होती.

लहरींचा पहारेकरी

याच एफसीसीशी २०१५ मध्ये संघर्षाचा प्रसंग आला. विमानतळांजवळ वाऱ्याचे धोकादायक झोत टिपणारी हवामान रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायने रडारचा सूर ऐकताच ती वाहिनी सोडून द्यावी असा नियम आहे. काही उपकरणे चुकीच्या सेटिंगमुळे तो पाळत नसल्याने रडारमध्ये व्यत्यय येत होता. ही तक्रार खोटी नव्हती. लहरी ही सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, आणि आपल्या डब्यावरील हक्क दुसऱ्याच्या विमानाला धोका पोचवण्यापर्यंत ताणता येत नाही.

परंतु नियामकाच्या मार्गदर्शिकेने उत्पादकांना डीडी-डब्ल्यूआरटीचे नाव घेऊनच विचारले की, असे फर्मवेअर बसू नये यासाठी तुम्ही काय केले आहे? रेडिओवर बंधन घालण्याऐवजी संपूर्ण राउटरच कुलूपबंद करणे कंपन्यांना सोपे वाटेल, अशी रास्त भीती निर्माण झाली. इंटरनेटचे एक जनक विंट सर्फ आणि डेव्ह टाट यांच्यासह अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी ऑक्टोबरमध्ये निवेदन दिले. बंदीऐवजी सोर्स कोड सार्वजनिक करणे आणि सुरक्षा-दुरुस्त्या सक्तीच्या करणे हाच खरा उपाय, असे त्यांनी सुचवले. नोव्हेंबरमध्ये नियामकाने मुक्त फर्मवेअरवर बंदीचा हेतू नसल्याचे स्पष्ट केले. ऑगस्ट २०१६ मध्ये शक्तिमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल टीपी-लिंक कंपनीने दोन लाख डॉलर दंड भरला. त्याच तडजोडीत, मुक्त फर्मवेअर बसवता यावे यासाठी विकसकांशी सहकार्य करण्याचे वचनही तिला द्यावे लागले.

सुरक्षेचा मुद्दा किती खरा होता, ते लवकरच दिसले. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीतील ‘क्रॅक’ हा दोष जाहीर झाला. ओपनडब्ल्यूआरटीपासून २०१६ मध्ये फुटून निघालेल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा त्यात विलीन झालेल्या ‘लेडे’ या शाखेने दोनच दिवसांत दुरुस्त आवृत्ती दिली. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक आज्ञावलीने ५४ देशांत किमान पाच लाख उपकरणे ग्रासल्याचे उघड झाले. निर्मात्याने पाठ फिरवलेला राउटर चालू राहतो, मात्र त्याचे दार उघडेच राहते. त्याला दुरुस्त आज्ञावली देऊ शकणारा दुसरा कोणी असणे म्हणूनच महत्त्वाचे.

आज, आणि येथे

नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकल्पाचा स्वतःचा ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा राउटर बाजारात आला. त्यात दोन स्वतंत्र फ्लॅश चिप आहेत. मुख्य चिपवरील प्रयोग फसला, तर दुसऱ्या, लिहिण्यापासून राखून ठेवलेल्या चिपवरून राउटर पुन्हा उभा राहतो. एकेकाळी एका दोषातून मिळालेला पुनर्जीवनाचा मार्ग येथे रचनेचाच भाग झाला.

भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झचा विस्तार विनापरवाना वापरासाठी खुला झाला. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम निघाले. लहरींचा परवाना असा टप्प्याटप्प्याने सैल होत आहे. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र चित्र तितके आशादायक नाही. फायबर जोडणीबरोबर सेवादात्या कंपनीकडून येणारे उपकरण बहुधा बंदिस्तच असते. विद्यार्थ्यांना प्रयोग करायचा झाल्यास ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आपल्या राउटरचे नेमके प्रारूप आणि हार्डवेअर आवृत्ती आहे का, हे आधी तपासावे. नावात एका अंकाचा फरक असला तरी आतली चिप निराळी असू शकते, आणि चुकीच्या फर्मवेअरने डबा निकामी होतो. देशाच्या सेटिंगमध्ये भारतच निवडावा. शक्ती आणि वाहिन्यांच्या कायदेशीर मर्यादा त्यावरून ठरतात.

ज्या राउटरपासून हे सारे सुरू झाले, त्यावर आजचे ओपनडब्ल्यूआरटी बसत नाही. ४ मेगाबाइट फ्लॅशच्या उपकरणांना २०१९ च्या आवृत्तीमालिकेनंतर निरोप देण्यात आला. डबे जुने होतात, कंपन्या विकल्या जातात. पण २००३ मध्ये एका परवान्यातील अटीने बाहेर आणलेला तो कोड हातोहाती बदलत, वाढत, दुरुस्त होत आजही चालू आहे. खेड्यातील जोडणी, गोठणारे इंटरनेट, उघडे पडलेले दार, या प्रत्येक वेळी उत्तर शोधणाऱ्याला पहिली गरज होती ती आतली आज्ञावली वाचण्याची. पुढच्या पिढीच्या राउटरमध्ये ती वाचता येईल की नाही, हे तंत्रज्ञानावर जितके अवलंबून आहे, तितकेच ग्राहक आणि कायदा काय मागतात यावर आहे.

#विज्ञानइतिहास #मुक्तस्रोत #वायफाय #ओपनडब्ल्यूआरटी